गणितात हुशार, मग अकाउंट्समध्ये नापास कशी?

मँचेस्टरच्या ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक तिकडे गणितात कायम पुढे होती. पुण्यात बी.कॉम.ला आली आणि पहिल्याच चाचणीत अकाउंट्समध्ये गेली. काळजी वाटणारच. पण तिची बुद्धी कुठेही गेलेली नाही, आणि क्लास लावायची घाई तर मुळीच करू नका.

मी पुण्यात बरीच वर्षं हा विषय शिकवला. ब्रिटनमध्ये वाढलेली अशीच एक मुलगी रडवेली होऊन वही घेऊन आली होती. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमेची बेरीज (ट्रायल बॅलन्स), जुळत नव्हती, फरक ११,२५,००० चा. म्हटलं, नऊने भाग बघू. बरोबर १,२५,००० आले. शून्य गळलं की फरक चुकून लिहिलेल्या रकमेच्या नऊपट येतो; म्हणजे कुठेतरी शून्य गळलं होतं. शोधलं तर १२,५०,००० ची रक्कम तिने खतावणीत (लेजरमध्ये) १,२५,००० अशी उतरवली होती. तीन-तीन आकड्यांनंतर स्वल्पविराम बघायची सवय असली की आपले लाख असे डोळ्यांना चकवतात. रोज दहा रकमा मोठ्याने वाचायला लावल्या; महिन्याभरात डोळा बसला.

दुसरी अडचण ‘टू’ आणि ‘बाय’ची. आपल्याकडे खात्यात नावे (डेबिट) बाजूला ‘टू’ आणि जमेला (क्रेडिट) ‘बाय’ लिहायची जुनी पद्धत अजून शिकवतात. रोख खात्यात ‘टू सेल्स’ वाचून तीच विद्यार्थिनी म्हणाली, पैसे विक्रीकडे गेले ना? पैसे तर विक्रीतून आले होते! इंग्रजी उत्तम असलेलं मूल इथे हमखास उलटं समजतं, हे शिक्षकांच्याही चटकन लक्षात येत नाही.

आणि मुख्य म्हणजे, तुमच्या लेकीने इथला व्यवहार पाहिलेलाच नाही. वर्गातल्या मुलांनी उधारीची वही, येणं-देणं, मार्चअखेरची धावपळ घरात नाहीतर दुकानात पाहिलेली असते. तिला फर्ग्युसन रस्त्यावरच्या हॉटेलचं बिल जपून ठेवायला सांगा. त्यावर सीजीएसटी अडीच टक्के आणि एसजीएसटी अडीच टक्के, असे दोन कर का, हे तिने स्वतः शोधावं. केंद्र आणि राज्य यांची ही वाटणी १ जुलै २०१७ पासूनची. एखाद्या ओळखीच्या दुकानदाराकडे दोन शनिवार बसू द्या. पावती, रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची वही), खतावणी हा प्रवास डोळ्यांसमोर घडला की ताळेबंद आपोआप उलगडत जातो.

कागदपत्रांचं विचारलंत. ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्ड असेल तर विदेशी नोंदणी कार्यालयात जायला नको. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी झालेली हवी. झाली आहे ना, ते आजच विचारा.

रविवारी फोन कराल तेव्हा मार्कांचं काढू नका. त्या आठवड्यातली एक नोंद तिला तुम्हाला समजावून सांगू द्या, आणि तीही मराठीत.