बँड फुटला, आता पोराचं काय?

प्रश्न: मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चौघा मित्रांचा बँड होता, हा ड्रम वाजवायचा. उद्यमनगरात एकाच्या वडिलांच्या वर्कशॉपमध्ये लेथ बंद झाले की रात्री सराव. स्वतःची गाणी केली, पुण्यात कार्यक्रमही झाले. दिवाळीनंतर फाटलं. गाणी आणि बँडचं नाव गाणारा व गिटारवाला घेऊन गेले. याचा ड्रमसेट अजून वर्कशॉपमध्येच आहे. आता म्हणतो, कॉलेज सोडून मुंबईला जातो. दिवसभर डायनिंग टेबलावर काठ्या वाजवत बसतो, बोलत नाही. काय करू?
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

नमस्कार ताई,

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ‘गाणी आणि नाव ते दोघं घेऊन गेले’ ही आहे. कॉलेज सोडण्याची भाषा तिथून आली आहे, असं मला वाटतं. दोस्ती तुटल्याचं दुःख तर आहेच, पण आपण केलेलं काम कुणी मोजलंच नाही, हे त्याला जास्त सलतंय.

त्याला ‘द स्मिथ्स’ची गोष्ट विचारा. इचलकरंजीला आपण महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो, त्या मूळच्या मँचेस्टरात १९८२ साली हा बँड उभा राहिला. पंक या बंडखोर रॉक संगीताचा जोर ओसरल्यावर इंग्लंडात जी नवी पोरं पुढं आली, त्यांतलीच ही चौघं. ‘रफ ट्रेड’ या छोट्या, स्वतंत्र कंपनीकडून रेकॉर्ड काढून त्यांचा दुसरा स्टुडिओ अल्बम १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. धड मॅनेजर मात्र टिकत नव्हता. कामकाजाचा भार गिटारवाल्या जॉनी मारवर पडायचा. तो थकला, गायक मॉरिसीशी बिनसलं आणि १९८७ मध्ये तो बाहेर पडला. तिथंच बँड संपला.

तुमच्या मुलानं वाचावं ते पुढचं. कंपनीच्या करारावर सह्या फक्त मॉरिसी आणि मारच्या होत्या. गाणी त्या दोघांचीच, त्यावर वाद नव्हता. वाद होता रेकॉर्ड आणि कार्यक्रमांच्या कमाईचा. त्या दोघांना चाळीस-चाळीस टक्के, तर ड्रमर माइक जॉइस आणि बेसवाला अँडी रूर्क यांना दहा-दहा. जॉइसचं म्हणणं, हे मी कधी कबूलच केलं नव्हतं. लेखी काहीच नव्हतं. रूर्कनं पैशांच्या अडचणीत १९८९ मध्येच ८३ हजार पौंडांवर तडजोड केली. जॉइस लढला आणि १९९६ मध्ये जिंकला. वेगळं ठरलेलं नसेल तर भागीदारांचे वाटे समान, असं ब्रिटनचा १८९० चा कायदा सांगतो, म्हणून त्याला चौथा हिस्सा मिळाला, सुमारे दहा लाख पौंड. पण बँड फुटून तोवर नऊ वर्षं झाली होती.

आपल्याकडचा १९३२ चा भागीदारी कायदाही समान वाट्याचंच सांगतो. बँडला भागीदारी म्हणायचं की नाही, हे कागद आणि व्यवहार पाहून वकील सांगतील. गाण्याचं मात्र वेगळं आहे. नुसता ड्रम वाजवला म्हणून चालीची मालकी येत नाही. चाल बांधण्यात त्याचा हात असेल तर येऊ शकते. आणि वादक म्हणून स्वतःच्या वादनावर त्याला कॉपीराइट कायद्यात हक्क आहेच.

कोर्टात जा असं मी सांगत नाही. पोरांच्या फोनमध्ये सरावाची रेकॉर्डिंग्ज असतात, तारखेसकट. ती आधी जपून ठेवायला सांगा. कुठल्या गाण्यात कुणी काय केलं, ते त्यानं आठवेल तसं लिहून काढावं. मग वर्कशॉपवाल्या काकांना मध्ये घेऊन चौघांनी एकदा बसावं. गाण्यांखाली नावं कुणाची, आलेले पैसे कसे वाटायचे, बँडचं नाव कुणाकडे, एवढं एका कागदावर येऊन चौघांच्या सह्या झाल्या तरी खूप झालं. ड्रमसेट त्याच्या आधी घरी आणा. शेजारी कुरकुरतील, त्यांच्याशी वेळ ठरवून घ्या. टेबलावर काठ्या आपटणाऱ्या पोराला वाद्य हवं आहे, हे उघड दिसतंय.

कॉलेज मात्र सोडू देऊ नका. हे मी ‘आधी डिग्री, मग छंद’ म्हणून सांगत नाही. त्याला ध्वनीच्या धंद्यात जायचं असेल तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या ध्वनिमुद्रणाच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते आणि बारावीला फिजिक्स असावं लागतं. फिजिक्स त्याचं झालेलं आहे, पदवी तेवढी पुरी व्हायची आहे. प्रवेश परीक्षा अवघड आहे, पण इंजिनिअरिंगवाल्याला ध्वनीचं गणित नवं नसतं. वादकच व्हायचं असेल तर लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ड्रमच्या ग्रेड (पायरीपायरीच्या) परीक्षा कॉलेज करता करता देता येतात. नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेलं संगीत, वाचता आलं की दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला वाजवायची कामं मिळणं सोपं जातं. कानात प्लग घालून वाजवायची सवय आत्ताच लावा, कारण गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. मुंबईला पदवीनंतर जरूर जाऊ दे, मी त्याच्या बाजूनं आहे.

आणि जेवण-झोप तुटली असेल, जगण्यात राम नाही असं काही बोलत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर आजच फोन करा. मराठीत बोलता येतं.