ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये धिंगरीच्या पिशव्या हिरव्या का पडतात?

मुरबाडचा भाताचा पेंढा रात्रभर भिजवला, वरून उकळतं पाणी ओतलं, धिंगरी अळिंबीचं (ऑयस्टर मशरूमचं) बी, म्हणजे धान्यावर वाढवलेली तिची बुरशी, भरलं आणि आठवड्यात दोन्ही पिशव्या हिरव्या पडल्या, असं तुम्ही लिहिलंय. बियाण्याला दोष देण्याआधी ते वरून ओतलेलं पाणी बघा. पेंढ्याच्या पोकळ काडीत ते पोचेपर्यंत कोमट होतं. त्यामुळे आतली हिरवी बुरशी मरत नाही आणि धिंगरीआधी तीच जागा धरते.

पेंढा यंदाचा, पिवळाधमक घ्या. पावसात भिजून काळवंडलेला फुकट मिळाला तरी नको. बोट-दीड बोट लांब तुकडे करा, गोणीत भरून ८-१० तास बुडवा. मग ८० अंशाच्या पाण्यात गोणी वजन ठेवून दाबा. गोणी टाकल्यावर तापमान उतरतं. ते पुन्हा ८० वर आलं की तिथून एक तास मोजायचा. बहुतेक जण इथेच चुकतात.

नंतर निथळणं. मूठभर पेंढा घट्ट पिळा: हात ओला व्हावा, थेंब पडू नये. थेंब पडला तर पिशवीच्या तळाशी पाणी साचून आंबूस वास येतो. पेंढा पूर्ण गार झाल्यावरच बी घाला, गरम पेंढ्यात ते मरतं. १ किलो कोरड्या पेंढ्याला साधारण १०० ग्रॅम बी, थर देत, कडेला जरा जास्त. पिशवीला २५-३० भोकं पाडा.

२२ ते २८ अंशात, अंधारात १५-२० दिवसांत धिंगरीच्या धाग्यांनी पिशवी पांढरीफटक होते. त्यानंतर प्लास्टिक काढा, उजेड आणि वारा द्या. बंद बाथरूममध्ये देठ लांबतात, टोप्या बटणाएवढ्याच राहतात. ते कोंडलेल्या हवेमुळे. पाण्याचा फवारा भिंती-जमिनीवर जास्त मारा, कोवळ्या कोंबांवर धार नको. एसी लावू नका, हवा कोरडी होते.

टोपीची कड वर वळण्याआधी देठ पिरगळून काढा. उशीर केला तर बीजाणू (टोपीखालची बारीक पूड) उडतात आणि घरभर खोकला. १ किलो पेंढ्यातून दोन-तीन तोडे मिळून अर्धा ते पाऊण किलो आलं तरी बरं म्हणायचं.

आत्ताच्या हिरव्या पिशव्या घरात उघडू नका, बांधलेल्याच बाहेर काढा. पुढचा प्रयत्न नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. एप्रिल-मेमध्ये खोलीच तापलेली असते, आणि पिशवीच्या आतली उष्णता खोलीपेक्षा दोन-तीन अंश जास्तच असते.