वाचकांचे प्रश्न : आराखड्याआधी विचारा

प्रश्न : आमच्या शहराच्या प्रशासनाने पुढील वीस वर्षांचे भविष्यचित्र तयार करायचे ठरवले असून नागरिकांकडून सूचना मागवल्या आहेत. मागच्या वेळीही अशी सभा झाली होती. अधिकाऱ्यांनी तयार नकाशे पडद्यावर दाखवले, आम्ही तळमळीने बोललो आणि पुढे काय झाले ते कोणालाच कळले नाही. अशा प्रक्रियेत पुन्हा वेळ घालवावा का?

उत्तर : अवश्य घालवावा, मात्र आपल्याला कोणत्या टप्प्यावर विचारले जात आहे, हे आधी स्पष्ट करून घ्यावे. नकाशे पक्के झाल्यावर बोलावलेल्या सभेत शहराच्या मूळ दिशेविषयी बोलायला जागाच उरलेली नसते. तेथे फार तर एखाद्या रस्त्याची रुंदी बदलते. शेरी आर्नस्टाइन या अमेरिकी अभ्यासक महिलेने १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात नुसते मत विचारणे ही चौथी पायरी आहे आणि त्या मताची दखल घेतली जाईल याची हमी नसेल, तर त्यांनी ते देखाव्यातच मोडले आहे. आपली मागची सभा याच पायरीवर अडकलेली दिसते.

याउलट अमेरिकेतील चॅटानूगा या शहराचे उदाहरण पाहावे. १९६९ मध्ये देशातील सर्वांत प्रदूषित हवेचे शहर म्हणून ते ओळखले गेले आणि पुढे कारखाने बंद पडू लागल्याने त्याची घडी पार विसकटली. १९८४ मध्ये तेथे ‘व्हिजन २०००’ या नावाने खुल्या बैठकांची मालिका झाली. तिच्यात सुमारे १७०० रहिवासी सहभागी झाले आणि त्यांच्या चर्चेतून चाळीस उद्दिष्टे ठरली. नदीकाठ पुन्हा लोकांचा व्हावा, ही आकांक्षा त्या काळात जोर धरत गेली. १९७८ मध्ये वाहनांसाठी बंद झालेला आणि पाडला जाण्याच्या बेतात असलेला वॉलनट स्ट्रीट पूल नागरिकांच्या आग्रहामुळे वाचला व १९९३ मध्ये पादचाऱ्यांसाठी खुला झाला. पैसा खासगी देणगीदारांचाही होता, हे खरे. पण तो कशावर खर्च व्हावा याची चर्चा आधी झाली होती, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

बैठकीची रचनाही निर्णायक ठरते. व्यासपीठ आणि समोर खुर्च्यांच्या रांगा मांडल्या की माइक मिळवणाऱ्यांचीच सभा होते. त्याऐवजी आठ-दहा जणांमागे एक टेबल, त्यावर परिसराचा मोठा नकाशा आणि प्रत्येकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून घेऊन ते लगेच वाचून दाखवणारी एक व्यक्ती, अशी मांडणी मागावी. प्रश्नही नेमका हवा. ‘आपल्याला कसे शहर हवे?’ असे विचारले की स्वच्छ, सुंदर, हिरवे ही विशेषणे जमा होतात आणि त्यांवर कोणाचेच दुमत नसते. ‘वीस वर्षांनी आठ वर्षांच्या मुलाला एकट्याने शाळेत चालत जाता येईल का, आणि त्यासाठी मुख्य रस्त्यावरचे पार्किंग सोडायला आपण तयार आहोत का?’ असे विचारले, तर खरे मतभेद समोर येतात. सामायिक भविष्यचित्र या मतभेदांना सामोरे गेल्यावरच घडते, असे माझे ठाम मत आहे. ते झाकून काढलेले चित्र पहिल्याच अंदाजपत्रकात फाटते.

शेवटी हिशेब मागावा. प्रत्येक सूचनेचे काय झाले, ती स्वीकारली की नाकारली आणि कोणत्या कारणाने, याची यादी ठरलेल्या मुदतीत जाहीर करण्याचे आश्वासन पहिल्या बैठकीआधीच लेखी घ्यावे. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये अंदाजपत्रकातील विकासकामांचा प्राधान्यक्रम ठरवण्यात नागरिकांना सामील करून घेतले, तेव्हा गेल्या वर्षी ठरलेल्या कामांचा आढावा हा तेथील वार्षिक सभांचा नियमित भाग होता. लोक वर्षानुवर्षे येत राहिले, त्यामागे हे एक मोठे कारण असावे.

प्रश्न : आमच्याकडे प्रत्येक बैठकीला तेच ते लोक येतात. बाकीच्यांना आस्था नाही, असे समजावे का?

उत्तर : तसे समजू नये. पाळीत काम करणारे, लहान मुलांचे आईवडील, भाड्याने राहणारे आणि नुकतेच शहरात आलेले लोक बहुधा वेळ, अंतर व संकोच यांमुळे येत नाहीत. बसथांब्यावर, दवाखान्यात, शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी जाऊन त्यांना विचारता येते. दुसरा मार्ग चिठ्ठ्या टाकून निवड करण्याचा आहे. मेलबर्न शहराने २०१४ मध्ये आपल्या दहा वर्षांच्या आर्थिक नियोजनासाठी अशाच पद्धतीने ४३ जणांचे मंडळ नेमले, त्यांना शहराच्या हिशेबाची माहिती दिली आणि त्यांच्याकडून शिफारशी घेतल्या. अशा मंडळात वय, उत्पन्न आणि घराची मालकी यांचे प्रमाण शहराच्या लोकसंख्येशी जुळेल हे पाहावे आणि बैठकीच्या दिवसाचा मोबदला द्यावा. रोजंदारी बुडवून कोणी शहराचा विचार करावा, ही अपेक्षा रास्त नाही.