नवीन बुकशेल्फ स्पीकरचा आवाज पोकळ येतो, खर्ज जवळजवळ नाहीच. स्पीकर खराब निघाले का?

परत पाठवण्याची घाई करू नका. तुम्ही लिहिलंय की गायकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर पसरल्यासारखा वाटतो, आणि सोफ्यावरून उठून एका स्पीकरजवळ गेलं की खर्ज थोडा वाढतो. या दोन खुणा एकत्र दिसल्या की माझा पहिला संशय वायरवर जातो. बहुधा एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी लागली आहे.

उलट जोडणीत एका स्पीकरच्या वूफरचा (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या भागाचा) पडदा बाहेर येतो त्याच क्षणी दुसऱ्याचा आत जातो. 50 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळपास 7 मीटर असते. तेवढ्या लांब लहरीपुढे दोन स्पीकरमधलं अंतर किरकोळच, त्यामुळे तुम्ही बसता तिथे दोघांचा खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. वरच्या पट्टीतला आवाज शिल्लक राहतो, पण तो नेमका कुठून येतोय हे कानाला कळत नाही.

आधी ॲम्प्लिफायर बंद करा. वायरच्या दोन पदरांपैकी एकावर रेघ, उंचवटा किंवा छापील अक्षरं असतात. पारदर्शक वायर असेल तर एक पदर तांबूस आणि दुसरा चंदेरी दिसतो. खुणेचा पदर दोन्ही टोकांना लाल टर्मिनललाच गेला पाहिजे. दोन स्पीकरच्या मिळून आठही जोडण्या पाहा. नुसती स्पीकरची बाजू तपासून थांबू नका, चूक बरेचदा ॲम्प्लिफायरच्या मागच्या अंधारात असते.

खूण सापडत नसेल तर दोन्ही वायरी ॲम्प्लिफायरमधून काढा, स्पीकरची जाळी काढा आणि 1.5 व्होल्टचा साधा पेन्सिल सेल घ्या. ॲम्प्लिफायरच्या लाल टर्मिनलमध्ये जो पदर होता, त्याला सेलचा प्लस आणि दुसऱ्याला मायनस क्षणभर टेकवा. 'टक्' असा आवाज होईल आणि वूफरचा पडदा जरासा बाहेर येईल. दोन्ही स्पीकरमध्ये तो बाहेरच आला पाहिजे. फक्त वूफरकडे बघा, कारण काही डिझाइनमध्ये ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) मुद्दाम उलटा जोडलेला असतो. नऊ व्होल्टची बॅटरी वापरू नका आणि सेल धरून ठेवू नका.

जोडताना वायर 10 ते 12 मिलिमीटरच सोला आणि तारा घट्ट पिळा. एकही सुटी तार शेजारच्या टर्मिनलला लागता कामा नये. तसं झालं तर ॲम्प्लिफायर शॉर्ट होऊन बंद पडतो. याउलट प्लॅस्टिकचं आवरणच स्क्रूखाली दाबलं गेलं तर आवाज येत-जात राहतो. स्पीकरच्या मागे चार टर्मिनल असतील तर वरच्या आणि खालच्या जोडीला जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या जागेवर व घट्ट आहेत ना, हेही पाहा. पट्टी निघाली की वूफर किंवा ट्वीटर गप्प होतो.

वायर बरोबर असेल तर सेटिंग बघा. एव्ही रिसीव्हर (टीव्ही-सिनेमासाठीचा ॲम्प्लिफायर) असेल आणि सबवूफर, म्हणजे फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर, नसेल तर 'सबवूफर' हा पर्याय 'नाही' वर ठेवा. घरात सबवूफर नसताना तो 'आहे' वर असेल आणि क्रॉसओव्हर (खर्ज वेगळा करण्याची सीमा) 80 हर्ट्झला असेल, तर त्याखालचा सगळा खर्ज नसलेल्या सबवूफरकडे जातो. टीव्ही किंवा फोनमधला 'व्हर्च्युअल सराउंड' बंद करा, तोही आवाज असाच पसरवून टाकतो. टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) सोडून दुसरं काहीही 'फोनो' इनपुटला लावू नका.

मग जागा. बऱ्याच जणांची निराशा इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मागच्या भिंतीवरून परतणारी लहर एका ठरावीक पट्टीत मूळ आवाजाला मारते. 343 ला (ध्वनीचा वेग, मीटर प्रति सेकंद) वूफर ते भिंत या अंतराच्या (मीटरमध्ये) चौपटीने भागलं की ती पट्टी मिळते. अंतर 1 मीटर असेल तर 86 हर्ट्झ, म्हणजे नेमका बेस गिटारचा भाग. अंतर 30 सेंटीमीटर केलं की आवाजातला हा खड्डा 286 हर्ट्झवर सरकतो आणि उथळही होतो. स्पीकरच्या मागे छिद्र असेल तर मागे 15 सेंटीमीटर तरी मोकळी जागा ठेवा, नाहीतर खर्ज घुमायला लागेल.

तुमची खोली 4 मीटर लांब आहे आणि सोफा बरोबर मध्यावर. तिथे 43 हर्ट्झच्या आसपासचा आवाज खोलीच्या रचनेमुळेच पडतो. सोफा अर्धा मीटर मागे घेऊन बघा. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवा, आणि दोन स्पीकर व तुम्ही मिळून साधारण समभुज त्रिकोण झाला पाहिजे. फळीवर ठेवायचे असतील तर स्पीकरची पुढची कड फळीच्या कडेशी जुळवा.

'शंभर तास वाजवा, स्पीकर आपोआप मोकळे होतील' या सल्ल्यावर विसंबू नका. वापराने पडणारा फरक बारीक असतो, गायब झालेला खर्ज त्याने परत येत नाही. महागडी वायरही नको. 1.5 चौरस मिलिमीटरच्या 5 मीटर वायरचा जाऊन-येऊन रोध साधारण 0.12 ओहम होतो, 8 ओहमच्या स्पीकरला तो काहीच नाही.

एवढं करूनही एकाच बाजूला खरखर किंवा आवाज कमी असेल तर ॲम्प्लिफायर बंद करून तिथल्या डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करा. दोष दुसऱ्या स्पीकरवर गेला तर तो ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याआधी आहे. त्याच स्पीकरवर राहिला तर त्याची वायर बदलून बघा, आणि वायर सुटी करून मल्टीमीटर लावा. 8 ओहमचा स्पीकर साधारणपणे 5.5 ते 7 ओहम दाखवतो. काहीच आकडा आला नाही तर आतलं कनेक्शन तुटलंय. तेव्हा मात्र तो स्पीकर खोलू नका, वॉरंटीत बदलून घ्या.