वाचक विचारतात : लाकडी रोलर कोस्टरचा सांगाडा खरा कसा वाटेल?

प्रश्न : सर, मी तासगावचा, सांगलीत सिव्हिलचा डिप्लोमा करतोय. नोलिमिट्स २ या रोलर कोस्टर बनवायच्या सॉफ्टवेअरवर लाकडी कोस्टर बनवतोय. ट्रॅक मस्त जमलाय, जी-फोर्स (बसलेल्या माणसाला वजनाच्या पटीत जाणवणारा जोर) पण कंट्रोलमध्ये आहेत, पण सपोर्टकडं बघितलं की सगळंच खोटं वाटतं. फोटोत खऱ्या कोस्टरला लाकडाचं नुसतं जंगल दिसतं म्हणून मी पण बीम ठासून भरले, तरी जमेना. काय करू?

उत्तर : मित्रा, बीम कमी नाहीयेत तुझे, त्या बीमना काम नाहीये. खऱ्या सांगाड्यात एकही लाकूड शोभेला लावलेलं नसतं, गाडीचं वजन आणि गाडीचा रेटा जमिनीपर्यंत न्यायचा एवढं एकच काम सगळी मिळून करतात, आणि बघणाऱ्याला इंजिनिअरिंग येत नसलं तरी ते त्याच्या डोळ्याला कळतं. त्यामुळं बीम टाकायच्या आधी दर वेळी विचारायचं, इथं जोर कुठून येतोय आणि जातोय कुठं.

सुरुवात बेंटपासून कर. बेंट म्हणजे ट्रॅकच्या खाली, ट्रॅकला काटकोनात उभी केलेली चौकट, दोन-तीन उभे खांब, त्यांना ठरावीक उंचीवर आडवी लाकडं आणि मधे तिरकी. अशी एक चौकट, साधारण ३ मीटरवर दुसरी, मग तिसरी, असं करत अख्खा कोस्टर उभा राहतो. वळणावरसुद्धा चौकट ट्रॅकला काटकोनातच ठेवायची, मग आतल्या बाजूचे खांब आपोआप जवळ येतात आणि बाहेरचे फाकतात, आणि वरनं बघितलं की ते फार सुंदर दिसतं.

आता आडव्या लाकडांचं बघ, कारण नव्वद टक्के मुलांचं काम मला इथंच कच्चं दिसतं. ट्रॅक वर चढतो तशी ही मंडळी आडवी लाकडं पण ट्रॅकबरोबर तिरकी चढवत नेतात. तसं नसतं. आडव्यांची लेव्हल जमिनीशी ठरते, समजा ३ मीटर, ६ मीटर, ९ मीटर, आणि तीच लेव्हल या बेंटपासून त्या बेंटपर्यंत सरळ रेषेत पळते, ट्रॅक कितीही वरखाली होऊ दे. उरलेला कमीजास्त तुकडा फक्त सगळ्यात वर, ट्रॅकच्या लगेच खाली येतो. एवढी एकच गोष्ट दुरुस्त केलीस तरी अर्धं काम झालं समज. आणि ही आडवी असतात कशाला, तर स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स या विषयात खांब कधी वाकतो याचं ऑयलरचं सूत्र झालं असेल तुझं, खांबाची मोकळी लांबी निम्मी केली की तो बाक येऊन मोडायला चौपट वजन लागतं. उंच खांब मधे कुठंच न धरता तसाच सोडला की तो खोटा दिसणारच, कारण खरा असता तर वाकला असता.

वळणावरचे धिरे, म्हणजे बाजूनं दिलेले तिरपे टेकू, मात्र नीट समजून घे. २५ मीटर खाली उतरलेली गाडी घर्षण सोडलं तर ताशी ८० किलोमीटरच्या आसपास पळते, आणि तिला २० मीटर त्रिज्येच्या वळणात घातलं की वजनाच्या जवळजवळ अडीचपट रेटा बाहेरच्या बाजूला येतो. ट्रॅक कलता केलाय म्हणून हा रेटा जातो असं बऱ्याच जणांना वाटतं, पण कलता केल्यानं बसलेल्या माणसाला बाजूचा धक्का कमी लागतो, सांगाड्याला तो आडवा रेटा पूर्णच सोसायचा असतो. तुमच्या तासगावात द्राक्षबागेच्या ओळीचा टोकाचा खांब बघितलायस ना, तारांची सगळी ओढ आत असते म्हणून त्याला बाहेरनं तार ताणून जमिनीत अडकवतात. इथं ओढ नाही, ढकल आहे, म्हणून तारेऐवजी वळणाच्या बाहेरून लाकडाचा तिरपा धिरा लावायचा, वरच्या टोकापासून खाली लांब पाय टाकून.

हा पाय किती लांब टाकायचा याचा अंदाज पण हिशोबानं येतो. वळण टेकडीच्या माथ्याजवळ असलं तर उंची जास्त पण वेग कमी, जमिनीलगत असलं तर वेग जास्त पण उंची नाही. त्रिज्या सारखीच धरली तर चौकट उलथवणारा जोर सगळ्यात जास्त कुठं येतो माहितीये का, बरोबर मध्यावर, म्हणजे ३० मीटरच्या टेकडीनंतर १५ मीटर उंचीवर घेतलेल्या वळणात. तिथं पाया भरपूर रुंद कर, दोन धिरे लाव, हात आखडू नकोस. सरळ भागातल्या उंच टेकडीला मात्र दोन्ही बाजूंनी सारखे धिरे, कारण वारा कुठूनही येतो. आणि ट्रॅकच्या दिशेनं पण तिरकी लाकडं लागतात, ब्रेकच्या पट्ट्यात आणि चेन गाडीला वर ओढते त्या चढावर तर लागतातच, नाहीतर गाडीनं ब्रेक घेतला की सगळ्या चौकटी पुढं कलतील. प्रत्येक गाळ्यात, म्हणजे दोन बेंटमधल्या जागेत, नको, काही गाळे सोडून एखाद्या गाळ्यात पूर्ण फुल्ली दिली तरी चालतं.

एक बारीक गोष्ट सांगतो, ती जवळच्या कॅमेऱ्यात लगेच पकडली जाते. फुलीतली दोन लाकडं एकमेकांच्या आरपार जात नाहीत, एक खांबाच्या पुढच्या अंगाला ठोकलेलं असतं, दुसरं मागच्या अंगाला, मधे खांबाच्या जाडीएवढी फट असते आणि सांध्याला नटबोल्ट वायसर घालून आवळलेले असतात. सॉफ्टवेअर दोन नोड (बीमची टोकं जिथं जुळतात ते बिंदू) जोडले की बीम मधोमध घुसवून देतं, तू ते जाडीएवढं सरकव. तसंच ३० मीटरचं लाकूड सलग मिळत नाही, पाच-सहा मीटरचे तुकडे जोडत वर जायचं असतं, आणि शेजारशेजारच्या खांबांचे जोड एकाच उंचीवर आणायचे नाहीत. पाय थेट मातीत पण रोवायचा नाही, काँक्रीटचा फुटिंग, म्हणजे खांबाखालचा पाया, जमिनीच्या थोडा वर ठेवायचा, म्हणजे लाकूड कुजत नाही.

प्रश्न : वरच्या ट्रॅकचे खांब खालच्या ट्रॅकमधून आरपार जातात. ते खांब काढले तर वरचा ट्रॅक हवेत लटकतो. काय करावं? (कराडहून)

उत्तर : खांब नुसता पुसून टाकायचा नाही, त्याचं वजन शेजाऱ्याकडं द्यायचं. खालच्या ट्रॅकवरून एक जाड तुळई टाका, वरचा खांब त्या तुळईवर टेकवा आणि तुळईच्या दोन्ही टोकांखाली डबल खांब द्या, दाराची चौकट असते तसं दिसायला पाहिजे. गाडीत हात वर केलेला आणि बाजूला पसरलेला माणूस धरून मोकळी जागा ठेवा. दोन ट्रॅक समांतर जात असतील तर अजून चांगलं, एकाच बेंटच्या खालच्या आडव्या लाकडांवर खालचा ट्रॅक बसवून टाका, खऱ्या कोस्टरमध्ये हे सर्रास करतात आणि लाकूड पण वाचतं. दोन ट्रॅक फार तिरके कापत असतील आणि काहीच बसत नसेल तर ट्रॅकच मीटरभर सरकवा. ट्रॅक पूर्ण फायनल करून मग सपोर्टकडं वळायचं ही सवय मला पटत नाही, दोन्ही बरोबरच डोक्यात पाहिजेत.

प्रश्न : प्लॅनेट कोस्टर या गेममध्ये हातानं सपोर्ट लावायला लागलो की लॅपटॉप गरम होऊन अडकतो.

उत्तर : ऑटो सपोर्ट (गेमनं आपोआप लावलेले खांब) बंद करून हातानं लावताय ते बरोबरच आहे. बोल्ट, जोड, वायसर फक्त स्टेशन आणि रांगेच्या वाटेजवळ दाखवा. लांबच्या भागात खांब, आडवी आणि तिरकी तेवढी ठेवा, पण तिरकी काढून वजन हलकं करू नका, चौकोन लगेच लुळा दिसतो. एक चांगला बेंट बनवून सेव्ह करा आणि तोच उंचीप्रमाणं कापून वापरा.

प्रश्न : खोपोलीला इमॅजिका पार्कात नायट्रो रोलर कोस्टर बघितला, त्याचे खांब स्टीलचे आहेत. लाकडी कोस्टरला स्टीलचे सपोर्ट दिले तर तो लाकडी राहतो का? मला सिम्युलेशनमध्ये तसं करायचंय. (सातारा)

उत्तर : राहतो. लाकडी म्हणायचं ते ट्रॅकवरून, फळ्यांचे थर एकावर एक बसवून वर स्टीलची पट्टी मारलेली असते, बहुतेक वेळा आठ थर. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचा सायक्लोन १९२७ चा आहे, त्याचा सांगाडा स्टीलचा आणि ट्रॅक लाकडी. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला व्हॉयेज २००६ चा, तो पण तसाच. उलटं पण झालंय, टेक्ससचा १९९० चा टेक्सस जायंट २०११ मध्ये नव्यानं सुरू केला तेव्हा सांगाडा लाकडाचा ठेवून ट्रॅक स्टीलचा टाकला. तेव्हा बिनधास्त करा, फक्त नायट्रोसारखे जाड गोल पाईप नका वापरू, तो पूर्ण स्टीलचा कोस्टर आहे आणि त्याचा ट्रॅक मोठमोठ्या अंतरावरच्या एकेका खांबावर पेलतो. लाकडी ट्रॅकला दर थोड्या अंतरावर टेकू लागतो, म्हणून खाली स्टील असलं तरी बेंट, आडवी, तिरकी सगळं तसंच ठेवायचं, फक्त खांबांच्या जागी स्टीलचे बारीक अँगल आणि चॅनेल घ्यायचे.