शोकसभेत किस्से सांगावेत का?

प्रश्न : माझा एक अवलिया, दिलदार मित्र नुकताच गेला. शोकसभेत त्याचे धमाल किस्से सांगावेत की केवळ गुणगौरव करावा?

उत्तर : किस्से अवश्य सांगा, कारण ज्याने आयुष्यभर मैफली रंगवल्या त्याला ‘मनमिळाऊ, परोपकारी’ अशा गुळगुळीत विशेषणांत गुंडाळणे हा, आमच्या मते, त्याच्यावर अन्यायच ठरेल. मात्र जो किस्सा तो स्वतः घरच्यांसमोर खुशाल सांगत असे, तोच निवडा. त्याच्या दातृत्वाविषयी जरा जपून बोला. उसने पैसे परत करायला आलेल्याला तो ‘कसले पैसे?’ म्हणून उडवून लावत असेल, तर तो प्रसंग जरूर सांगावा, पण घेणाऱ्याचे नाव घेऊ नये, कारण तो माणूस कदाचित समोरच बसलेला असेल. भाषण लिहून न्या. गळा दाटून आलाच, तर कागद दुसऱ्याच्या हाती देता येतो.