विमानाचं इंजिन मेटल फटीगमुळे फुटतं, तर ते तपासणीत आधीच का सापडत नाही?

सापडतं की. बऱ्याचदा सापडतंच, आणि जिथं राहून जातं तिथं पुष्कळदा चीर दिसण्याएवढी झालेली असते पण बघणाऱ्यानं नीट बघितलेलं नसतं. मी बावीस वर्षं बेळगावात उद्यमबागेत मशिन शॉपला क्वालिटीत काढली, हा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

एका शॉपला असताना गुऱ्हाळाच्या चरकाचे शाफ्ट होते, चाळीस नग. ड्रॉइंगमध्ये खांद्याला, म्हणजे शाफ्टची जाडी बदलते त्या कोपऱ्याला, ३ मिलिमीटर रेडियस (गोलाई) स्पष्ट लिहिलेला. सातव्या नगापासून खांद्यात नख अडकायला लागलं, गेज लावला तर खालून उजेड दिसतोय, ऑपरेटरनं दुसरंच इन्सर्ट (धातू कापायचं टोक) लावून कोपरा जवळजवळ काटकोनात उतरवलेला. मी चौतीस नगांना लाल पेंट मारून बाजूला ठेवले. मेस्त्री म्हणाले, "कोपऱ्यात काय असतंय रे, बेअरिंग बसतंय की नाही तेवढं बघ." दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर थिनरनं पेंट पुसून माल टेम्पोतनं गेलेला.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं लागली आणि संक्रांतीच्या आत एक शाफ्ट दोन तुकडे होऊन परत आला. तुटलेलं तोंड मी खिडकीजवळ नेऊन बघितलं. खांद्याच्या कोपऱ्यातनं निघालेल्या बारीक गोलसर रेषा, नदीचं पाणी उतरताना वाळूवर राहतात तशा, पाऊण भाग गुळगुळीत आणि उरलेला पाव भाग खडीसाखरेसारखा खरबरीत. मालक म्हणाले गुऱ्हाळवाल्यानं ऊस जास्त कोंबला. अहो, एका दणक्यात तुटला असता तर या रेषा आल्या कुठनं? प्रत्येक फेऱ्याला शाफ्ट वाकतो, ताण त्या काटकोनी कोपऱ्यात गोळा होतो, चीर केसाच्याही कितीतरी कमी पुढं सरकते, आणि शेवटी उरलेल्या धातूला भार झेपत नाही. यालाच फटीग म्हणतात. महिनाअखेर मी काम सोडलं.

विमानात हेच होतं. तिथं टेकऑफ ते लँडिंग ही एक फेरी धरतात. १९८९ ला अमेरिकेत सू सिटीला डीसी-१० पडलं, त्याच्या मागच्या इंजिनाच्या फॅन डिस्कच्या (पंख्याची पाती जिच्यावर बसतात त्या चकतीच्या) टायटॅनियममध्ये बनवतानाच दोष राहिलेला, तिथनं चीर वाढली, डिस्क फुटली आणि तुकड्यांनी विमान वळवायच्या तिन्ही हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) सिस्टीम गेल्या. २९६ पैकी ११२ माणसं गेली. आधीच्या तपासणीत ती चीर सापडण्याएवढी होती, असं तिथल्या चौकशीतच आलंय. १९९६ ला अमेरिकेतच पेन्साकोलाला दुसऱ्या एका विमानाच्या फॅन हबमध्ये (पंख्याच्या मधल्या भागात) भोक पाडतानाच धातू बिघडला, त्यातनं चीर, दोन जीव गेले. एका भोकाच्या आतल्या भिंतीवर!

२०१८ ला बोइंग ७३७ चं फॅन ब्लेड मुळाशी तुटलं, ते ३२ हजारांहून जास्त फेऱ्या झालेलं. एक बाई गेली. त्यानंतर तसल्या ब्लेडची अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी) तपासणी सक्तीची केली, कारण ब्लेडचं मूळ खाचेत बसलेलं असतं, नुसत्या डोळ्यानं काय दिसणार?

ब्लेड तुटलं तर केसिंगनं (इंजिनाच्या बाहेरच्या कवचानं) ते आत अडवायला पाहिजे असा नियम असतो, पण डिस्कचे तुकडे केसिंगला अडत नाहीत, म्हणून डिस्कला ठरलेल्या फेऱ्या झाल्या की ती चांगली दिसली तरी काढून टाकतात. आमच्याकडं कुणी असं करतंय काय? तुटेपर्यंत वापरायचं.

आता घाबरून विमानात बसायचं सोडू नका, असले प्रकार फार क्वचित होतात, आणि मी विमानावर कधी काम केलेलं नाही हेही सांगतो. पण तुम्ही क्वालिटीत असाल तर रिजेक्ट माल कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःच्या खिशात. लाल पेंटवर भरवसा ठेवू नका, थिनर प्रत्येक शॉपमध्ये असतोच. आणि मेस्त्री, तुम्ही हे वाचत असाल तर त्या शाफ्टचं मटेरियल चांगलंच होतं, मी नंतर स्वतःच्या पैशानं टेस्ट करून घेतलंय. कोपराच चुकला होता.